चिंधी बांधलेल्या शेंगा

सरूबाईला आपलं परस ओळखू आलं नाही.

ती लेकीकडून परत येत होती. नारायणगावला हर्षालीच्या मुलाचं बारसं झालं, दोन-चार दिवस राहून सरूबाई जीपनं कळंबच्या फाट्यावर उतरली आणि ओढ्याकडेनं वाडीपर्यंत चालत आली. पिशवीत विहीणबाईंनी बळंच भरलेले टमाटे होते. नेहमीसारखी ती पुढच्या दारानं न जाता परसाकडून आली आणि कुंपणाच्या तोंडाशीच थबकली.

दिवाळीच्या तोंडावर परसात जितका पसारा असतो तितका वर्षात कधी नसतो. पोत्यावर भुईमुगाच्या शेंगा वाळत असतात, पत्र्यावर मिरच्या, छपरावर डांगर. मक्याची कणसं दाव्याला जोड्या करून टांगलेली, सरमाडाची पेंढी भिंतीला टेकलेली, आणि ह्या सगळ्यातून वाट काढत कोंबड्या. सरूबाईला तो पसारा वाटतच नव्हता. वर्षाचं खाणं घरात शिरण्याआधी परसात बसून वाळतं, इतकंच.

आता तिथं काही नव्हतं. जमीन सारवलेली. कडेनं दगड मांडलेले, एक गेरूचा, एक चुन्याचा. कुंपणाला ओळीनं तेलाचे रिकामे डबे, त्यांना निळा रंग, त्यात कुठल्या तरी नर्सरीतली बिनवासाची झाडं. मध्ये तिचा नवरा हौशीराम, हातात ब्रश घेऊन उकिडवा बसलेला, शेवटच्या दगडाला गेरू लावत होता.

"आली का?" तो मान वर करून म्हणाला. "वळख बरं, कुनाचं परस?"

"कुनी केलं ह्ये?"

"म्या! म्हंजी पोरं व्हती हाताखाली. गेनभाऊनं धाडली. उद्या समिती येतीया ना."

त्या साली गावोगाव स्वच्छतेच्या स्पर्धेचं वारं होतं. गटारं उपसली जात होती, भिंतींवर सुविचार उमटत होते, आणि गेणभाऊ, म्हणजे वाडीचा पंचायतीतला मेंबर, शिट्टी गळ्यात अडकवून फिरत होता. समितीला दाखवायला एक परस हवं होतं, आणि समितीला जेवायला एक घर. गेणभाऊनं दोन्हीसाठी हौशीरामचं नाव घातलं. हौशीरामला आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'आदर्श' म्हणत होतं. तो फुलून गेला होता.

सरूबाईचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती कुंपणाकडे बघत होती. तिथं कालपरवापर्यंत हिरवी भिंत होती. आता नुसत्या काठ्या आणि तारा.

"घेवडा कुठं हाय?"

"त्यो? काढला. त्याच्या पाल्यात कुंपन दिसतच नव्हतं. बघ आता कसं उघडं झालं."

"मुळापास्नं?"

"मग काय शेंड्यापास्नं काढत्यात व्हय? पर एक शेंग वाया घालवली न्हाई. सगळ्या तोडून पाटीत ठिवल्यात. उद्याच्या कालवनाची सोय केलीया तुझ्या." त्यानं हे अशा आवाजात सांगितलं की आता ती शाबासकी देणार.

"आन् चिंध्या?"

"त्या तर आदी काढल्या. जितं बघावं तितं चिंधी. घेवड्याला चिंधी, दुधीला चिंधी, वांग्याला चिंधी. गेनभाऊ म्हनला, हौशीराम, चिंधी म्हंजी कचरा, समिती मार्क कापंल. वर अंधश्रद्धेचे कापंल ते येगळेच."

"अंधश्रद्धा?"

"मग काय? दिष्ट लागू नई म्हून बांधतीस न्हवं तू त्या?"

सरूबाईनं पिशवी खाली ठेवली. एक टमाटा घरंगळत चुन्याच्या दगडापर्यंत गेला.

तीस वर्षं हा माणूस तिच्या हातचा घेवडा खात होता. तीस वर्षं त्या चिंध्यांखालून वाकून हात धुवायला जात होता. आणि त्याला वाटत होतं, ती दृष्ट काढत बसली आहे.

"अवो," ती म्हणाली आणि तिचा आवाज इतका खालून आला की हौशीरामनं ब्रश डब्यात ठेवला. "ते बियाचं व्हतं."

त्या चिंधीचा अर्थ एवढाच होता: हिला हात लावू नका. वेलाला पहिला बहर आला की त्यातल्या निरोगी, भरदार शेंगा सरूबाई हेरून ठेवायची आणि जुन्या लुगड्याची चिंधी त्यांच्या देठाशी सैल बांधायची. मग बाकीच्या शेंगा कुणीही तोडो, सून तोडो, शेजारीण तोडो, चिंधीवाली शेंग वेलावरच राहायची. ती आधी फुगायची, मग पिवळी पडायची, मग कागदासारखी वाजायला लागायची. आत दाणा खुळखुळला की तो बियाचा. राखेत घोळून तो गाडग्यात जायचा आणि पुढच्या पावसाळ्यात जमिनीत. पहिल्या बहराच्या शेंगांनाच एवढा वेळ मिळतो. मागाहून येणाऱ्यांना थंडी गाठते, मावा गाठतो, नाहीतर माणसं.

हा घेवडा तिच्या माहेरचा. शेंगेला जांभळी कड, दाणा तपकिरी, आणि शिजला तरी फुटायचा नाही. ते माहेरचं रान डिंभ्याच्या धरणात गेलं. भाऊ मिळेल त्या जमिनीवर पांगले, एक तर ऊसच लावतो. आता पाण्याच्या तळाशी जाऊन कुणाला बी मागणार? आणि गाडग्यात शिल्लक म्हणून काही नव्हतं. मागच्या साली भुंग्यानं खाऊन उरलेलं सगळं तिनं यंदा लावून टाकलं होतं. जे होतं ते वेलावर होतं.

"सांगायचं तरी व्हतंस," हौशीराम म्हणाला.

"काय सांगायचं? ह्ये हात हाय आन् ह्ये पाय हाय, आसं सांगायचं? घरात राहता का धर्मशाळेत?"

"अगं पर बाजारात लई बी मिळतं. पाकिटात. वर फोटूसुद्धा आसतो."

ह्यावर सरूबाई जे बोलली ते कुंपणापलीकडं शीलाच्या परसात स्पष्ट ऐकू गेलं असावं, कारण पलीकडून कुणीतरी हसलं.

शीला म्हणजे तिची चुलत जाऊ. दोघींमध्ये एक कुंपण आणि तीन सालांचा अबोला होता. वाडीतल्या रीतीप्रमाणं कुणी बी मागितलं तर नाही म्हणायचं नाही. मूठभर द्यायचं, आणि नेणारीनं पुढच्या साली मूठभर परत आणून घालायचं. त्यात हिशेबापेक्षा शहाणपण जास्त होतं: एकीचं बी गेलं तर दुसरीकडं सापडतं. सरूबाईनं शीलाला ह्याच घेवड्याची मूठ दिली. ती मूठ परत आली नाही. ह्यावरून एकदा नळावर सगळ्यांदेखत वाजलं, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींकडं भिंतीसारख्या बघायच्या. तोच घेवडा दर साली शीलाच्या बाजूला चढायचा, फुलायचा. सरूबाईच्या डोळ्यांना ते रोज टोचायचं. आपलंच बी, आणि आपल्याच तोंडावर डोलतंय.

गेणभाऊची पोरं शीलाकडंही गेली होती म्हणे. शीलानं त्यांना केरसुणी दाखवली. "माझा पसारा माझ्या बापाचा न्हाई, पर तुमच्या बापाचा बी न्हाई," असं म्हणाली. तिचं परस होतं तसंच राहिलं, सरमाडासकट, कोंबड्यांसकट.

संध्याकाळी सरूबाई पाटी घेऊन ओट्यावर बसली. सून आरती समोर. आरती मंचरची, बारावी शिकलेली, आणि सासूला राग आला की मध्ये न बोलण्याइतकी शहाणी.

सरूबाई एकेक शेंग हातात घेऊन बघत होती. कोवळ्या एकीकडं. फुगलेल्या दुसरीकडं. त्या फुगलेल्यांत कुठंतरी तिच्या चिंधीच्या शेंगा होत्या, पण चिंधी गेल्यावर शेंगेला ओळख कसली? तिनं सगळ्यांत जाड शेंग सोलली, दाणा काढला आणि अंगठ्याचं नख त्यात दाबलं. नख आत गेलं. पिकलेल्या बियात नख जात नाही. तिनं दुसरी सोलली. नख गेलं. तिसरी, चौथी. दाणे भरलेले होते, हिरवे, ओले, खायला अगदी ऐन वयाचे.

"आत्या, वाळवून बघायचं का तरी?" आरतीनं हळूच विचारलं.

"वाळवलं तर सुरकुतंल. सुरकुतलेलं लावलं तर दहातलं एखादं उगवंल, त्ये बी रोडकं." तिनं दाणा परत शेंगेत ठेवल्यासारखा केला. "आनखी दोन आठवडं. दोन आठवडं थांबता आलं न्हाई ह्या मानसाला. समिती दिवाळीनंतर आली आसती तर काय बक्षीस पळून जानार व्हतं?"

"मामंजींना माहीत नव्हतं."

"त्येच तर! माहीत न्हाई त्येला हात लावायचा कशाला? म्या कधी त्यांच्या मोटारीच्या स्टार्टरला हात लावलाय?"

आरतीनं कोवळ्या शेंगा सुपात भरायला घेतल्या.

हौशीराम आत येऊन लांबूनच म्हणाला, "उद्या मासवडी कर. समितीला मासवडी लागती. गेनभाऊ म्हनलाय."

"गेनभाऊला म्हनावं, मासवडी तुमच्या घरी करा. माझ्या घरात घेवडा हाय."

"नुसता घेवडा?"

"तुमीच तोडला ना? मग आता खा."

सकाळी गेणभाऊ चार पोरं आणि एक कापडी फलक घेऊन आला. चांगला दोन लुगडी लांब, पांढरा मांजरपाट, त्यावर लाल अक्षरं: आदर्श परस, स्वच्छ वाडी, सुंदर वाडी, समितीचे हार्दिक स्वागत. तो दाराशी लावायचा सोडून त्यानं शीलाच्या बाजूच्या कुंपणाला आडवा ताणून बांधला.

"तितं कशाला?" सरूबाईनं विचारलं.

गेणभाऊनं आवाज बारीक केला. "वैनी, पल्याडचा उकिरडा झाकाय नको का? तुमचं परस कसं आरशावानी, आन् त्याच्या शेजारी त्ये! समितीनं बघितलं तर सगळं मुसळ केरात."

फलकाच्या पलीकडून शीलाचा आवाज आला. "गेनभाऊ, आरसा झाकला तरी तोंड तेच ऱ्हातंय बरं का."

गेणभाऊ न ऐकल्यासारखं करून गाठी आवळत राहिला. सरूबाईला हसू येत होतं, पण ते शीलाच्या बोलण्यावर आलं म्हणून तिनं गिळलं.

मग तिनं चूल पेटवली.

आलेल्या पाहुण्याला रागाचं जेवण वाढायचं नसतं, हे तिला आईनं शिकवलं होतं आणि ती ते मोडणार नव्हती. चुकलं होतं ते घरच्यांचं. समितीनं काही तिच्या परसात येऊन वेल उपटला नव्हता. म्हणून तिनं कालवण असं केलं, जसं ती सणाला करायची. कोवळ्या शेंगांच्या शिरा काढून तुकडे केले. जाड शेंगा सोलून दाणे वेगळे ठेवले. कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळं होईस्तोवर भाजलं, लसूण-कोथिंबिरीबरोबर पाट्यावर वाटलं. तेलात काळा मसाला पडला तसा वास घरभर सुटला. विहीणबाईंचे टमाटे चिरून टाकले. शेवटी ते हिरवे दाणे.

ते टाकताना मात्र तिचा हात पातेल्यावर थांबला. मूठ मिटलेली होती. आजवर ह्या दाण्यांची मूठ तिनं जमिनीवर उघडली होती, नाहीतर दुसऱ्या बाईच्या ओच्यात. उकळत्या रश्शावर कधी नाही.

"आत्या, टाका ना," आरती म्हणाली. "करपतंय."

तिनं टाकले.

समिती जीपमधून उतरली: दोन साहेब आणि एक मॅडम. त्यांनी दगड बघितले, डबे बघितले, फलक वाचला. एका साहेबानं "वा" म्हटलं. दुसऱ्यानं कागदावर काही खुणा केल्या. हौशीराम त्यांच्या पुढं-पुढं चालत, आपण परसात काय काय नाहीसं केलं ते सांगत होता. "इतं घान व्हती. इतं बी व्हती. तितं तर लईच व्हती." सरूबाई दारातून ऐकत होती. जिला तो घाण म्हणत होता ती म्हणजे आपणच, असं तिला वाटत होतं. तीस वर्षांची तिची रोजची उठबस तो बोटानं दाखवून पुसत होता, आणि साहेब माना डोलवत होते.

पंगत बसली. बाजरीच्या भाकरी, लसणाची चटणी, कारळ्याची चटणी, कांदा आणि वाटीत काळं, तवंग आलेलं कालवण.

"खा पोटभर," सरूबाई वाढताना म्हणाली. "लाजू नका. पुढच्या सालाचा घेवडा हाय ह्यो. त्याच्या पुढच्या सालाचा बी ह्योच."

साहेब हसले. त्यांना वाटलं, गावाकडची माणसं बोलतात छान. हौशीराम हसला नाही. त्यानं भाकरीचा तुकडा वाटीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

मॅडमनी पहिला घास घेतला. मग त्यांनी वाटी उचलून आत बघितलं, एक दाणा बोटांत धरला. "मावशी, हा कुठला घेवडा? इतका शिजलाय तरी फुटला नाही. आणि ही चव... आमच्या घरी माझी आई करायची. आता तसा मिळतच नाही. जो आणावा तो गिच्च होतो."

"घरचा हाय."

"परसातलाच?"

"व्हय. परसातलाच व्हता."

मॅडमनी बोटं पुसली. त्या मान वर करून सरळ म्हणाल्या, "मावशी, बी द्याल का थोडं? आईला लावायला देते. तिला फार आनंद होईल."

पंगतीत कुणाच्या लक्षात आलं नाही, पण आरतीनं तव्यावरची भाकरी तशीच सोडून सासूकडं बघितलं.

कुणी बी मागितलं तर नाही म्हणायचं नाही. सरूबाईच्या आईनं कधी म्हटलं नव्हतं, तिच्या आईनंही नसेल. ओळखीपाळखीची, बिनओळखीची, एकदा तर वाटेनं जाणारी धनगरीण बी मागून गेली होती. आणि आज मागणारी बाई तिच्याच घरात बसून तेच बी चावत होती.

सरूबाईनं तोंड उघडायच्या आत हौशीराम बोलला. पाहुण्यांपुढं त्याच्या अंगात पुन्हा बळ आलं होतं. "देऊ की! त्याला काय हुतंय? पोतंभर देऊ, मॅडम!"

भाकरीचं टोपलं सरूबाईच्या हातातून जमिनीवर जरा जोरातच टेकलं.

"देईन," ती मॅडमना म्हणाली. "पोतंभर न्हाई. मूठभर. माघात निरोप धाडीन."

समिती गेली. गेणभाऊ हात चोळत म्हणाला, "नंबर पक्का!" हौशीराम पडवीत आडवा झाला. सरूबाईनं भांडी घासली, आणि घासताना प्रत्येक भांड्याला दोन-दोन शब्द ऐकवले. पोतंभर! ह्याच्या बापानं पोतंभर पेरलं होतं? शब्द तिनं दिला होता आणि हातात राखही नव्हती. बी कुठं आहे हे तिला ठाऊक होतं. अख्ख्या वाडीत एकाच ठिकाणी होतं. तिथं जाऊन मागायचं म्हणजे ज्या बाईनं मूठ बुडवली तिच्याच पुढं ओचा पसरायचा. तिनं पातेलं घासून आरशासारखं केलं आणि तरी पुन्हा घासायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ती परसात कोंबड्यांना दाणे टाकत होती. कोंबड्यांना निळ्या डब्यांतली झाडं आवडली होती. निम्मी त्यांनी सकाळीच उकरून काढली होती. सरूबाईनं त्यांना हाकललं नाही.

फलकाच्या पलीकडून आवाज येत होता. कट. कट. थांबून, परत कट. देठापासून शेंग मोडल्याचा आवाज. तो आवाज ती झोपेतही ओळखली असती.

शीला दिवाळीच्या पाहुण्यांसाठी घेवडा तोडत होती. शीला चिंध्या बांधत नसे. हाताला लागेल ते तोडायचं आणि चुकूनमाकून वेलावर वाळेल ते बी, असा तिचा कारभार. सरूबाईनं लांबून बघून बघून तो पाठ केला होता. म्हणजे आता पहिल्या बहराच्या शेंगा, अजून ओल्या, पाटीत पडत होत्या. कट. कट.

सरूबाईनं दाण्यांचं सूप फेकलं. कुंपणापाशी गेली. मध्ये तो फलक, तिच्या कपाळाएवढा उंच, ताणून बांधलेला. गेणभाऊच्या गाठी सुटेनात. तिनं खालची कड दातात धरून तोडली आणि दोन्ही हातांनी कापड उभं फाडलं, 'आदर्श' आणि 'परस' ह्यांच्या मधून.

पलीकडं शीला, कमरेला पाटी, हात वेलावर.

"थांब!" सरूबाई ओरडली. तीन सालांतला तो पहिला शब्द.

"का?"

"त्या जाड्या तोडू नकोस."

"माझ्या येलाच्या शेंगा म्या तोडू नई? ह्यो नवा नियम गेनभाऊनं काढला का तुमी?"

"येल तुझा. बी कुनाचं? माझी मूठ कुठं हाय, शीले? तीन सालं झाली. आज दे. आत्ता दे."

शीलानं पाटी खाली ठेवली, कंबरेवर हात ठेवले. "मूठ? आनली नव्हती म्या मूठ? फडक्यात बांधून तुमच्या दारात आले व्हते. तुमीच म्हनाला, तुझ्या येलाशेजारी पांढरा पावटा हाय, तुझं बी भेसळीचं, ने परत. माझ्या तोंडावर दार लावलं. आन् वर नळावर म्हनला, शीलानं मूठ बुडवली!"

सरूबाईला ते दार आठवलं. लावलं होतं खरं.

"मग? पांढरा पावटा नव्हता व्हय शेजारी? खोटं बोलले का म्या?"

"व्हता. दुसऱ्या दिशी उपटला. मुळापास्नं." शीलाचा आवाज जरा चिरकला. "ह्या कुंपनाला त्यानंतर एक पावटा लावला आसंल तर दावा. पर तुमी बगितलंच न्हाई. तोंड फिरवून बसल्यावर काय दिसतंय?"

सरूबाईनं बघितलं. वेल शीलामागच्या कुंपणभर पसरला होता, आणि त्याच्या आसपास दुसरं काही नव्हतं. शेंगांना सगळीकडं तीच जांभळी कड. तिला राग आला होता तो आता कुठं ठेवावा कळेना. तो काही कमी झाला नव्हता, फक्त त्याची जागा गेली होती.

"काल ऐकलं म्या सगळं," शीला म्हणाली. "पोतंभर म्हनं! भावजींच्या जिभंला एक चिंधी बांधा आदी."

सरूबाईच्या नाकातून हसू फुटलं. ती थांबवणार होती, पण उशीर झाला.

"आता मागाय आलायसा का भांडाय?" शीलानं विचारलं.

"भांडाय."

"मग या आत. उभ्यानं किती भांडाल? च्या टाकते."

सरूबाई फाटलेल्या फलकातून, तारांमधून वाकून, पलीकडं गेली. चहा राहू दे म्हणाली. आधी वेल. दोघींनी मिळून पहिल्या बहराच्या शेंगा शोधल्या. किती तरी तोडून झाल्या होत्या, पण वर, हात न पोचणाऱ्या ठिकाणी, चांगल्या भरलेल्या होत्या. काहींची पाठ नुकती पिवळसर व्हायला लागली होती. सरूबाईनं त्यातली एक दाबून बघितली आणि सोडून दिली. ह्या टिकतील.

"चिंध्या?" शीला म्हणाली. "माझं जुनं लुगडं गोधडीला गेलं."

सरूबाई मागं वळली. फलकाचा अर्धा भाग कुंपणावर लोंबत होता. चांगला नवा मांजरपाट. तिनं तो ओढून घेतला आणि फाडायला सुरुवात केली. लांब, बोटभर रुंद पट्ट्या. कापड फाटताना आवाज मोठा होत होता आणि प्रत्येक आवाजाला तिला बरं वाटत होतं.

त्या आवाजानं हौशीराम आला. मागं गेणभाऊ, शिट्टीसकट. फलक पुढच्या वाडीला द्यायचा होता. कुंपणाला मोठं भगदाड होतं, आणि पलीकडं घेवड्याच्या वेलावर ठिकठिकाणी पांढऱ्या पट्ट्या, त्यांच्यावर लाल अक्षरांचे तुकडे. कुठं निम्मा 'स्वच्छ', कुठं 'हार्दिक'चं शेपूट.

"वैनी!" गेणभाऊ ओरडला. "सरकारी कामाचा ब्यानर हाय त्यो!"

"मग आता कामाला लागला," शीला म्हणाली. "हात लावू नका, गेनभाऊ. बियाचं हाय."

गेणभाऊनं हौशीरामकडं बघितलं. तू बोल. हौशीराम भगदाडातून आत आला आणि खाली मान घालून उभा राहिला. आदर्शपणा त्याच्या खांद्यांवरून उतरला होता.

"मिळालं का बी?" त्यानं विचारलं.

"मिळंल. कुनी उपटलं न्हाई तर." सरूबाईनं एक पट्टी त्याच्या हातात दिली आणि वरच्या शेंगेकडं बोट केलं. तिचा हात तिथं पोचत नव्हता, त्याचा पोचत होता. "बांधा."

हौशीरामनं टाचा उचलल्या, देठाला पट्टी गुंडाळली आणि पोत्याचं तोंड आवळावं तशी गाठ मारली.

"आवळताय काय? फास लावताय का तिला? शेंग आजून फुगायची हाय."

त्यानं गाठ सोडली. पुन्हा बांधली. ह्या खेपेला फार सैल झाली आणि पट्टी घसरून खाली पडली.

"तीस वर्षं," सरूबाई शीलाला म्हणाली, "तीस वर्षं ह्येच खाल्लं ह्यांनी." मग तिनं पट्टी उचलली, धूळ झटकली आणि पुन्हा त्याच्या हातात दिली. "बांधा. मला बगू द्या."